मागची भिंत

"आता नीट ऐका," कुलथे म्हणाले आणि त्यांनी टेप पुन्हा मागे घेतली. "तो 'होते' म्हणतोय की 'नव्हते'?"

मी हेडफोन कानांवर दाबून धरले. एका पुरुषाचा जड, घोगरा आवाज होता. सुरुवातीचे काही शब्द कळले. दार. कुलूप. मग 'आवाज' हा शब्द आला आणि त्यापुढचं सगळं एकमेकांवर चढलं. शब्द संपायच्या आत त्याचंच शेपूट फिरून त्याच्यावर येत होतं.

"आवाज येत... इतकंच कळतं," मी म्हटलं. "पुढचं नाही."

"आमच्या लघुलेखकानं 'येत नव्हते' असं लिहिलंय. कामगारांचे वकील म्हणतात, साक्षीदार 'येत होते' म्हणाला. कंपनीचे वकील म्हणतात, लिहिलंय तेच खरं."

"तुम्ही तर समोर होतात. तुम्हाला काय ऐकू आलं?"

कुलथ्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. "मला घूं ऐकू आलं, बाई."

कुलथे चौकशी आयोगाचे सचिव होते. त्या तालुक्याच्या गावाबाहेर औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या गाद्यांचा फोम बनवणाऱ्या कारखान्यात आदल्या वर्षी आग लागली होती आणि कापणी विभागातल्या अकरा बायका गेल्या होत्या. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते कंपनीनंही नाकारलं नव्हतं. कंपनीचं म्हणणं वेगळंच होतं. फोमचा धूर विषारी असतो, बायका एक-दोन श्वासांत गेल्या, दार उघडं असतं तरी वाचल्या नसत्या, तेव्हा कुलपाला अर्थ नाही.

"आणि हा दिनकर थोरवत," कुलथे टेपकडे बोट दाखवत म्हणाले, "सुपरवायझर. त्या दाराशी उभा असलेला एकटा माणूस. आतून आवाज येत होते असं तो म्हणाला असेल, तर त्या जिवंत होत्या. मग कुलपाला अर्थ आहे."

"त्याला पुन्हा बोलवा ना."

"बोलावलंय. पण न्यायमूर्ती उपळेकर म्हणतात, त्याच हॉलमध्ये पुन्हा तोच गोंधळ झाला तर साक्ष बदलली, पढवली, असं म्हणायला कंपनी मोकळी. आधी हॉल दुरुस्त करा म्हणाले. म्हणून तुम्ही, नाईकनवरे बाई."

"चौकशी शहरात नाही घेता येणार?"

"शहरातच होती. नातेवाईक उपोषणाला बसले, तेव्हा इथं आणली. इथं दुसरा हॉलच नाही."

त्या वेळी मी कोल्हापुरात नाट्यगृहं आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ यांचा आवाज नीट करून देण्याची कामं घेत असे. तेव्हा या धंद्यात बाई म्हणजे लोकांना नवल वाटायचं. कामं फार मिळत नव्हती. हे काम कुणी सुचवलं ते मी विचारलं नाही.

नगरपालिकेचं ते सांस्कृतिक भवन नवंकोरं होतं. गुळगुळीत फरशी, भिंतींना छतापर्यंत चकचकीत टाइल्स आणि वर घुमट. मी मधोमध उभी राहून टाळी वाजवली. टाळीचा आवाज घुमटात गेला, खाली आला, भिंतींवरून फिरला आणि मी हात खाली घेऊन पिशवीतून मोजायची टेप काढली तरी विरला नव्हता. मग मी स्टेजवरून मागच्या भिंतीकडे तोंड करून नुसतं 'होते' म्हटलं. मागची भिंत ते जसंच्या तसं माझ्याकडे फेकत होती.

"त्याचा आवाज जाड आहे," मी कुलथ्यांना सांगितलं. "जाड आवाज कोपऱ्यांत साठतो आणि तिथून घुमत राहतो. त्यात पातळ अक्षरं बुडतात. चारी कोपऱ्यांत जमिनीपासून वरपर्यंत जाड खांब उभे करावे लागतील, आवाज शोषून घेणारे. भिंतींना पॅनेल. घुमटाखाली काही टांगावी लागतील. आणि मागची भिंत पूर्ण झाकायची. ती सगळ्यात वाईट आहे."

"पण ऐकू येईल ना? मागच्या लोकांनासुद्धा?"

"हो."

"साहेबांची ती अट आहे. मागे नातेवाईक बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या ठेकेदारानं न विचारताच एक टेम्पो पाठवून दिला. काळ्या फोमचे उंचसखल चौकोन होते त्यात, स्टुडिओत लावतात तसे. स्वस्त आणि हलके. ड्रायव्हरनं गठ्ठा पायऱ्यांवर उतरवला.

पायऱ्यांवर बायका बसलेल्या होत्या. सुनावणी नसली तरी त्या येऊन बसत, हे मला नंतर कळलं. त्यांतली एक उठली. पन्नाशीची, काटक, डोक्यावरून पदर. ती गठ्ठ्यापाशी आली, एका चौकोनावर तिनं हात ठेवला, बोटांनी दाबला आणि लगेच हात काढून घेऊन नाकाशी नेला.

"ह्ये हितं लावणार?"

बाकीच्या बायकाही उठून उभ्या राहिल्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. "हे परत जाणार. मी मागवलेलं नाही."

"मग काय लावणार?"

"दगडाची लोकर."

"दगडाला कुठली लोकर?"

मेहबूब म्हणून माझा सुतार होता. त्याला मी आमच्या गाडीतून रॉकवूलचा एक तुकडा आणायला सांगितला. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात, त्याची ही जाड पाटी, असं तिला समजावलं. तिनं ती हातात घेतली. तळवा खाजला तशी दुसऱ्या हातात घेतली.

"जळत न्हाई?"

"नाही."

"काडी लावू?"

कुणीतरी काडेपेटी दिली. तिनं एक काडी ओढून पाटीच्या कडेला धरली. काडी विझली. तिनं दुसरी ओढली. ती विझल्यावर कडेला पडलेला काळा डाग तिनं अंगठ्यानं पुसला आणि पाटी मला परत दिली.

ती शेवंता काळुंगे. तिची मुलगी सारिका त्या अकरा जणींत होती. एकोणीस वर्षांची. नवरा लवकर गेलेला. मुलगी आणि धाकटा दीर, इतकंच घर. लग्न होऊन आली तेव्हा दीर यशवंत शाळेतही जात नव्हता, तिनंच त्याला वाढवला. आता तो शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायचा.

लोकरीच्या पाट्या लाकडी चौकटीत बसवायच्या आणि वरून तागाचं कापड ताणून शिवायचं, असं काम होतं. मेहबूब चौकटी करत होता. शिवायला मी गावातून माणसं बघत होते. शेवंता म्हणाली, "आमी शिवतो की. बसूनच असतो." मी मजुरीचं बोलायला लागले तर तिनं मान दुसरीकडे वळवली.

त्या पाच-सहा जणी भवनाच्या मागच्या ओसरीवर बसून शिवत. फार बोलत नसत. एकदा मी शेजारी बसून दाभण ओवत असताना शेवंता म्हणाली, "मी हितल्या पयल्या तारखेपासनं येतीया. एक तारीख चुकवली न्हाई. आत बसते, पर काय बी ऐकू येत न्हाई. नुसतं घुमतंय."

"तरी येता?"

"तिच्या नावानं बोलत्यात ना सगळी. कुणीतरी घरचं नको?" तिनं दोरा दातांनी तोडला. "तिला काय कळलं न्हाई म्हणत्यात. धुरानं गुंगी आली आन् तशीच गेली. झोपल्यावानी. यशवंतानं बगितलं तिला. तोंड शांत होतं म्हणाला."

मी ओवलेलं दाभण तिच्यापुढे केलं.

कंपनीचे वकील खांडके एकदा येऊन काम बघून गेले. अत्तर लावलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. सरकारी पैशाची ही उधळण आहे, साक्षीला एक चांगला माइक पुरला असता, असं ते मला ऐकू जाईल इतक्या आवाजात कुलथ्यांना म्हणाले. नंतर नगरपालिकेतून निरोप आला की टाइल्सना भोकं पाडू नयेत. कुलथ्यांनी न्यायमूर्तींना फोन लावला आणि निरोप तिथंच संपला. पण मी सावध झाले. या कामात कुणीतरी खोडा घालणार, असं मनात बसलं.

कोपऱ्यांतले खांब उभे राहिले, बाजूच्या भिंती झाकून झाल्या. हॉलमध्ये बोललं की शब्द आता तोंडातून निघून तिथंच थांबत होता. मागच्या भिंतीचं काम काढलं त्या दुपारी यशवंत आला. रिक्षा बाहेर उभी करून, खाकी शर्टात. मी शिडीवरून उतरेपर्यंत दारातच थांबला.

"ताई, एक बोलायचं होतं."

"बोला."

त्यानं मागे वळून ओसरीकडे नजर टाकली. तिथून तो दिसत नव्हता. "ही मागची बाजू हाय न्हवं... ही तेवढी ऱ्हाऊ द्या."

"म्हणजे?"

"पुढं सगळं करा तुमी. साहेबांना, वकिलांना ऐकू येऊ दे. मागं काय गरज न्हाई. मागं बायामाणसं बसत्यात."

"त्यांनाच ऐकू यायला हवं ना?"

तो हातातली रिक्षाची किल्ली बोटात फिरवत होता.

"तुम्ही सारिकाचे काका," मी म्हटलं. "तुमच्या वहिनी तिकडे बसून हेच कापड शिवताहेत. आणि तुम्ही म्हणता मागे ऐकू येऊ नये?"

"एवढंच सांगायचं होतं."

"कोणी पाठवलंय तुम्हाला?"

त्यानं झटकन वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मला राग दिसला. मी तो पकडला गेलेल्या माणसाचा राग समजले.

"ही भिंत सोडली तर पुढचंही सगळं वाया जाईल," मी त्याला सुनावलं. "आवाज इथून उलटतो आणि सरळ माइकमध्ये जातो. टेप पुन्हा तशीच होईल. तेच हवंय ना तुमच्या साहेबांना?"

"माझं कुणी साहेब न्हाई, ताई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे. मी दुसरं कायतरी बघतो."

तो गेला. 'दुसरं कायतरी' म्हणजे काय, ते मला कळेना. मी कुलथ्यांना सांगितलं. कुलथ्यांनी सुस्कारा टाकला आणि सुनावणी होईपर्यंत हॉलवर पोलीस ठेवला. मागच्या भिंतीवर मी ठरवलं होतं त्याहून जाड पॅनेल लावली.

सुनावणीच्या सकाळी हॉल भरला. बाहेर पोलिसांची गाडी होती. मी स्टेजच्या बाजूला टेपच्या यंत्रापाशी बसले. तिथून सगळा हॉल दिसत होता. बायका मागे येऊन बसल्या, पण त्यांच्यात शेवंता नव्हती. यशवंत एकटाच आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मला त्याचं नवल वाटलं. एकही तारीख न चुकवणारी बाई आजच कशी नाही?

न्यायमूर्ती उपळेकर आले. बुटके, पांढऱ्या केसांचे, चालताना किंचित लंगडणारे. माइकजवळ बसून ते फक्त "बसा" म्हणाले आणि मागच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. या हॉलमध्ये पहिल्यांदा तिथपर्यंत शब्द पोहोचला होता.

दिनकर थोरवतला बोलावलं. साठीच्या आतला असेल, पण खुर्चीपर्यंत येईतो त्याला धाप लागली. त्या दिवशीच्या धुरानं त्याची छाती गेली होती. दोन्ही हात त्यानं मांडीवर उपडे ठेवले होते.

न्यायमूर्तींनी स्वतःच विचारायला सुरुवात केली. "मागच्या दाराला कुलूप कशासाठी होतं?"

"फोमचे बारके तुकडे उरतात, साहेब. बाया ते घरी न्यायच्या. उशा भरायला. ते थांबवायला कुलूप घातलं."

"किल्ली?"

"मॅनेजरसाहेबांकडं. बंगल्यावर."

"आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या अंगाला, बाहेर. ट्रकमधनं माल उतरून घेत होतो. धूर दिसला तसा दाराकडं पळालो."

"दाराशी गेल्यावर आतून काही आवाज येत होते का?"

खांडके पुढे झुकले. मी यंत्रावरच्या काट्याकडे बघत होते.

"येत होते," थोरवत म्हणाला.

मागे काही घुमलं नाही. 'होते' हा शब्द तिथंच, खुर्चीच्या पुढ्यात राहिला. लघुलेखकानं तो लिहिला. पहिल्या रांगेतल्या कामगारांच्या वकिलानं डोळे मिटून घेतले.

खांडके उठले. "कसले आवाज? आगीत लाकूड तडकतं, काचा फुटतात."

"बायांचे."

"तुम्ही घाबरलेले होतात."

"होतो. पण रोज ऐकतो त्या बायांचे आवाज, साहेब. मला मामा म्हणायच्या सगळ्या."

त्याच वेळी दार उघडलं. शेवंता आत आली. चालत आली होती, घामेजलेली, पदरानं तोंड पुसत. यशवंत खुर्चीतून अर्धा उठला, काहीतरी पुटपुटला. मला एवढंच ऐकू आलं, "वहिनी, तुमाला म्हटलं न्हवतं का आज न्हाई..." तिनं हातानंच त्याला बाजूला केलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. यशवंत उभाच राहिला.

त्यानं तिला मुद्दाम दूर ठेवलं होतं. का, ते मला अजून कळलं नव्हतं.

न्यायमूर्ती विचारत होते, "मग तुम्ही काय केलंत?"

"सायकल घेतली आन् बंगल्यावर गेलो. वसाहतीच्या पार त्या टोकाला हाय. मॅनेजरसाहेब जेवायला बसले होते. म्हणाले, आधी अग्निशामकला फोन लागू दे, दार उघडलं तर वारं शिरून आग भडकेल. मी पाया पडलो. मग किल्ली शोधून दिली."

"परत आलात तेव्हा?"

थोरवतची नजर हॉलच्या मागच्या बाजूला गेली. मी मागे बघितलं. यशवंतनं दोन्ही हातांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली होती आणि तो थोरवतकडे बघत मान हलवत होता. नको, नको, अशी. थोरवतनंही ते बघितलं. त्या दोघांना एकमेकांचं काहीतरी ठाऊक होतं, हे मला दिसलं.

"साक्षीदार," न्यायमूर्ती म्हणाले, "परत आलात तेव्हा आवाज थांबले होते?"

"कमी झाले होते."

"म्हणजे?"

"एकच येत होता."

"कुलूप उघडलंत?"

"कडी तापली होती, साहेब. किल्ली आत गेली, पर फिरंना." त्यानं मांडीवरचे हात उलटे केले. तळव्यांची कातडी चकचकीत आणि ओढल्यासारखी होती. "लई जोर केला. तवर धूर बघून यशवंता धावत आला होता, भिंतीला पहार घालत होता. तो बी तिथंच होता."

"कुणाचा?"

हे मागून आलं. शेवंता उभी राहिली होती. तिनं आवाज चढवला नव्हता, पण पार स्टेजपर्यंत स्वच्छ आला.

खांडके म्हणाले, "माझी हरकत आहे. प्रेक्षकांतून प्रश्न—"

"खाली बसा, वकीलसाहेब," न्यायमूर्ती म्हणाले. मग ते थोरवतकडे वळले. "या बाईंना उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही. तुम्ही ठरवा."

थोरवतनं मान खाली घातली. "सारिकाचा."

शेवंता खुर्च्यांच्या मधल्या वाटेत आली. कुणी तिला अडवलं नाही.

"काय म्हणत होती?"

"मामा, दार उघडा."

"तुमी काय म्हणाला?"

"उघडतो म्हणालो, बाई." त्याला दम लागला. "उघडतो, उघडतो, म्हणत ऱ्हायलो."

"ती गप कवा झाली?"

"भिंत फुटायच्या जरा आदी."

न्यायमूर्तींनी कामकाज थांबवलं. लघुलेखक लिहायचा थांबला होता; त्याला कुलथ्यांनी खांद्याला हात लावून जागं केल्यासारखं केलं. मी यंत्र बंद केलं. टेपवर सगळं आलं होतं, तिचा प्रश्नसुद्धा.

बाहेर आले तेव्हा यशवंत पायऱ्यांवर बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"वहिनीला म्हटलं होतं, तारीख पुढं ढकलली," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "शेजारणीनं सांगितलं असणार. तिच्यासंगं शिवायला होती ती."

"मला तेव्हाच सांगायचं होतंत."

"काय सांगू, ताई? तुमाला सांगितलं असतं, तुमी कुलथेसाहेबांना सांगितलं असतं. साक्ष व्हायला तर पायजेच होती. मी का न्हाई म्हणतोय? फकस्त तिच्या कानावर नको होतं."

शेवंता बाहेर आली. बायकांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. तिनं हात सोडवून घेतले आणि ती यशवंतच्या शेजारी, त्याच पायरीवर बसली.

"तोंड शांत होतं म्हणालास."

"व्हय."

"होतं?"

यशवंतनं मान हलवली. नाही.

"मला बघू दिलं न्हाईस."

"न्हाई दिलं."

मला वाटलं, ती आता त्याच्या अंगावर जाईल. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं खांदे आवळून घेतले. तिनं फक्त विचारलं, "आन् वरीसभर तू एकटाच ह्ये ऐकत होतास व्हय रं?"

तो रडायला लागला. मोठा माणूस, गावातल्या सगळ्या पोरांना शाळेत सोडणारा, तोंडात शर्टाची बाही कोंबून रडत होता. शेवंता रडली नाही. ती उठली, माझ्यापाशी आली आणि तिनं माझा हात धरला. तिच्या बोटांवर दाभण टोचल्याच्या खुणा होत्या.

"तू चांगलं केलंस, पोरी," ती म्हणाली. "पर आता मला झोप लागायची न्हाई."

आयोगाचा अहवाल त्या हिवाळ्यात आला. बायका जिवंत होत्या आणि कुलूप नसतं तर वाचल्या असत्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यावरून खटला उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षं चालला. मधल्या काळात नगरपालिकेनं भवनातली पॅनेल काढून टाकली. लग्नात बँडचा आवाज घुमत नाही, अशी लोकांची तक्रार होती. मेहबूबला ती परत न्यायला बोलावलं, तेव्हा बरीचशी फाटलेली होती.

जिल्हा न्यायालयात मलाही बोलावलं. टेप खरी आहे, तिच्यात काही कापाकापी नाही, हे सांगायला. खांडकेच होते समोर, केस पिकलेले. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. मॅनेजरला काही वर्षांची शिक्षा झाली. मालकाला कुलपाची कल्पना होती हे सिद्ध झालं नाही, म्हणून तो सुटला. तो आपल्या माणसांच्या गराड्यात जिना उतरून गेला. बायकांकडे त्यानं बघितलंही नाही.

शेवंता कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. खूप वाळली होती. यशवंत तिच्यासाठी चहा आणायला गेला होता. तिनं मला ओळखलं आणि सरकून जागा दिली.

"थोरवत दिसले नाहीत," मी म्हटलं.

"गेला की. दोन वर्सं झाली. छातीनंच गेला."

"तुम्हाला भेटायचे कधी?"

"मीच जायाची. दर म्हैन्याला. यशवंता रिक्षानं सोडायचा आन् बाहेर बसून ऱ्हायाचा." तिनं पदर सारखा केला. "मी म्हणायची, सांगा. तो सांगायचा. पयलं सगळं सांगायचा. दाराच्या कुठल्या अंगाला उभी होती, खोकत होती का, दुसऱ्या पोरींची नावं घेत होती का. सांगताना लई दम लागायचा त्याला. त्याची बायको माझ्यावर चिडायची. तरी मी जायाची."

समोरून वकील, पोलीस, पक्षकार जात-येत होते.

"मग त्याचं हळूहळू कमी व्हायला लागलं. ह्ये आठवत न्हाई, त्ये आठवत न्हाई. शेवटाला अंथरुणात होता, तवा म्हणाला, बाई, आता ती दार उघडा म्हणाली, तेवढंच ऱ्हायलंय माझ्यापाशी. बाकी सगळं गेलं."

"मग?"

"मी म्हटलं, तेवढं सांगा."